दोन मिलिग्रॅमचा निकोटीन गम: कसा चावायचा आणि कोणाच्या कामाचा

तंबाखू-सिगारेट सोडताना तलफ हलकी करायला चावायचा 2 मिलिग्रॅमचा निकोटीन गम मुंबईत केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय मिळतो. 4 मिलिग्रॅमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. वस्तू कामाची आहे. तरी ‘याने काही होत नाही’ म्हणून चार दिवसांत ड्रॉवरमध्ये जाणारी पाकिटंही पुष्कळ. दोष बहुतेक वेळा चावण्यात असतो, आणि कधी कधी पाकीट कोणी विकत आणलं यात.

आधी चावणं. दहा-पंधरा वेळा सावकाश चावायचा. तोंडात तिखट झिणझिण आली की थांबायचं आणि गाल व हिरडीच्या मधे दाबून ठेवायचा. मिनिटाभरात झिणझिण ओसरते. मग पुन्हा थोडं चावून जागा बदलायची. असा अर्धा तास. निकोटीन गालाच्या आतल्या अस्तरातून रक्तात जातं. लाळेबरोबर गिळलेलं बरंचसं वाया जातं आणि वर उचकी, मळमळ, जळजळ देऊन जातं. भराभर चावणाऱ्याची तक्रार नेमकी हीच असते. तंबाखूचा बार धरणाऱ्याला गालात दाबून ठेवणं शिकवावं लागत नाही. पण तो सवयीने थुंकतो, आणि थुंकीबरोबर औषधही जातं.

तंबाखूला चुना का लावतात, ते कळलं की दुसरं पथ्यही कळतं. चुन्याने तोंड अल्कधर्मी होतं आणि निकोटीन झपकन शोषलं जातं. गममध्येही त्यासाठीच क्षार घातलेले असतात. त्यावर कॉफी, कोला, लिंबू किंवा कोकम सरबत पडलं की सगळा हिशेब उलटतो. म्हणून गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही नको. खरी पंचाईत कटिंगची. कप खाली ठेवला की हात डबीकडे जातो, आणि नेमकी तेव्हाच पंधरा मिनिटं काढायची असतात. तलफ मात्र तीन ते पाच मिनिटांत ओसरते. चूळ भरून दोन इमारती चालून आलं तरी निभतं.

दिवसाला दोन-तीन गमने भागत नाही. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, शेवटचे तीन दर चार-आठ तासांनी, आणि बाराव्या आठवड्यानंतर बंद. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागते त्याला 2 मिलिग्रॅम कमी पडतो, त्याने डॉक्टरांकडे जावं. गुटख्याने तोंड आखडलंय, तीन बोटं उभी आत जात नाहीत, अशांनी गमच्या आधी दंतवैद्य गाठावा. कवळी असेल तर गम चिकटतो. हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर विचारल्याशिवाय घेऊच नये.

सिगारेट सोडणाऱ्यांत गममुळे यशाची शक्यता साधारण दीडपट होते. खाण्याच्या तंबाखूसाठी पुरावा तितका भक्कम नाही, हे विकणारा सांगत नाही.

आता पाकीट कोणी आणलं, याबद्दल. बायकोने किंवा मुलीने आणून टेबलावर ठेवलेला गम बहुधा टेबलावरच राहतो. भीतीचंही तसंच. पुडीवर 85 टक्के जागेत कॅन्सरचा इशारा 2016 पासून आहे. माणूस त्यावर अंगठा ठेवून पुडी खिशात घालतो. गम तलफ हलकी करतो. सोडायचं कारण माणसाला स्वतःच्या तोंडून यावं लागतं.

इथे तंबाखूच्या पुडीवर छापलेला 1800-11-2356 हा फुकटचा नंबर कामी येतो. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन. मुंबईत टाटा मेमोरियल तिच्याशी जोडलेलं आहे. मराठीत बोलता येतं, सोडायची तारीख ठरते, पुढे पाठपुराव्याचे फोन येतात. चांगल्या समुपदेशनात एक साधा प्रश्न असतो:

‘दादा, सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं, शून्य ते दहा?’

‘चार.’

‘चार का? एक का नाही?’

‘दहा का नाही?’ विचारलं असतं तर दादांनी नाईट शिफ्ट, टेन्शन, सोबतची माणसं अशी सगळी यादी वाचली असती. ‘एक का नाही?’ म्हटल्यावर नातीला जवळ घेताना तोंडाला येणारा वास आठवतो. अशा पद्धतीच्या संभाषणाची मांडणी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 साली केली, दारू सोडवण्याच्या कामातून. आमच्या मते गमच्या पाकिटात वापराच्या कागदाबरोबर हा एक प्रश्नही छापायला हवा.

क्विटलाइनची उणीव एकच: फोन मंगळवार ते रविवार, सकाळी आठ ते रात्री आठ. सोमवारी बंद. तलफ पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जोर करते, तेव्हा सोडायची तारीख मंगळवारची धरा.