रियाजाला ॲप पुरेल की मिरजेचा तानपुरा घ्यावा?

गाणं शिकायला लागून वर्ष-दोन वर्षं झाली की हा प्रश्न येतोच. मी सांगलीत राहतो, मिरज हाकेच्या अंतरावर; तरी पहिली सहा वर्षं तानपुऱ्याचा सूर वाजवणाऱ्या मोबाइल ॲपवरच रियाज केला. आता घरात तानपुरा आहे. ॲप अजूनही मोबाइलमध्ये आहे आणि प्रवासात त्याच्यावाचून भागत नाही.

सोयीचं म्हणाल तर ॲपला तोड नाही. पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, बदलायला एक बोट पुरतं. तानपुरा मात्र मर्दानी (पुरुषांच्या पट्टीचा) की जनानी (बायकांच्या पट्टीचा), हे घेतानाच ठरवावं लागतं. पावसाळ्यात कृष्णाकाठची हवा दमट झाली की खुंट्या फुगतात आणि जुळवण्यात माझी पंधरा मिनिटं सहज जातात.

ॲपचा मला एकच त्रास झाला, पण तोच भारी पडला. माझ्या ॲपमध्ये एकच ध्वनिमुद्रण परत परत फिरायचं. एका पहाटे भैरव गाताना खर्जानंतरचा (सर्वांत खालच्या षड्जाच्या तारेनंतरचा) त्याचा सांधा कानाला लागला. अगदी बारीक, पण एकदा ऐकू आल्यावर तो रोज ऐकू येऊ लागला. आलाप लांबवताना मी नकळत त्या सांध्याच्या आधी थांबू लागलो. दुसरं ॲप घेतलं, थोड्या दिवसांनी तिथेही तेच. बरं, त्यावर माझ्या हातात काही इलाज नव्हता. कदाचित तुमच्या कानाला हे खुपणारही नाही.

तानपुऱ्यात इलाज तुमच्या बोटांत असतो. घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) आणि तार यांच्यामधला सुताचा दोरा केसभर पुढेमागे केला की जवारी, म्हणजे तारेचा झणकारता नाद, खुलते, नाहीतर तार बोथट वाजते. सुरुवातीला त्याला हात लावायची मला धास्ती वाटायची. एका संध्याकाळी यमनाआधी पंचमाच्या तारेखालचा दोरा हलवत बसलो होतो, आणि पंचमातून निषाद बोलू लागला. खर्जातून गंधार ऐकू येतो हे तुम्हाला ठाऊक असेलच. तो तारेच्या पाचपट कंपनांचा स्वर. त्याच न्यायाने पंचमाच्या पोटात शुद्ध निषाद असतो. मला हे पाठ होतं, कानाने कधी भेटलं नव्हतं. तोवर मी यमनात निषादावरून घाईने षड्जावर यायचो. त्या दिवशी निषादावर थांबलो, षड्ज टाळून रिषभाला गेलो, आणि 'नि रे ग' एवढ्याच स्वरांत तासभर नवी वळणं सुचत राहिली. ती मला कुणी शिकवली नव्हती. तेव्हापासून राग बदलला की आधी दोऱ्याशी बसतो.

मिरजेतली ही कारागिरी एकोणिसाव्या शतकात शिकलगारांच्या हातून उभी राहिली. हत्यारं घासूनपुसून धार लावणाऱ्या त्या हातांनी सतार-तानपुरे घडवायला घेतले. आजही घोडीवर कानस फिरवणारा कारागीर बघितला की ते नातं पटतं. 2024 मध्ये इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण वाद्य निवडताना भरवसा आपल्याच कानावर ठेवावा.

फिरतीची नोकरी असेल किंवा तुमची पट्टी अजून ठरली नसेल, तर वर्षभर ॲपवर थांबायला हरकत नाही. रोज एका जागी अर्धा तास बसणं होत असेल, तर मात्र मिरजेला जा. अर्धा दिवस हाताशी ठेवा. कारागिराला दोरे काढायला सांगा आणि त्यांच्यासमोरच ते स्वतः बसवून बघा.