अँटी-चेफ स्टिक, सात महिन्यांनंतर: माल चांगला, बुडाचं चक्र बेकार

अँटी-चेफ स्टिक म्हणजे कातडी घासून सालटं निघू नयेत म्हणून अंगावर फिरवायची मेणकट कांडी; बुडाचं चक्र फिरवलं की ती नळीतून वर सरकते. हा रिव्ह्यू लिहायला बसले ती त्या चक्रामुळे, म्हणून आधी तेच सांगते.

सप्टेंबरच्या मध्यावर चक्र जाम झालं. म्हणजे फिरत होतं, कटकट वाजत होतं, पण कांडी वर सरकेना. टॉर्च मारून बघितलं तर आतल्या प्लॅस्टिकच्या स्क्रूचे आटे झिजलेले. शेवटी चमच्याच्या दांड्याने उरलेला माल खरवडून वाटीत काढला आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. 9 ग्रॅम. कांडी 42 ग्रॅमची, किंमत 1,290 रुपये. म्हणजे पावणेतीनशे रुपयांचा माल आत अडकून पडलेला, आणि चक्र नीट चाललं असतं तरी शेवटचा बोटभर थर वर आलाच नसता, कारण कांडी ज्या वाटीवर बसवलेली असते ती खोलगट आहे. ज्यांनी ही वस्तू बनवली त्यांनी ती कधी शेवटपर्यंत वापरून बघितलेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

जिथून ऑनलाइन मागवली त्या दुकानाला मेल केला. उत्तर आलं, "अनबॉक्सिंगचा व्हिडिओ पाठवा." एप्रिलमध्ये खोका उघडला, सप्टेंबरमध्ये चक्र गेलं, खोका उघडतानाच्या व्हिडिओत त्यांना काय दिसणार होतं? तीन आठवड्यांत अकरा मेल झाले. झिजलेल्या आट्यांचे फोटो पाठवले, बिल पाठवलं. अखेर पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट देऊन त्यांनी तक्रार बंद केली. ती सूट मी वापरलेली नाही.

आता मालाबद्दल. तिथे मला कबूल करायला हवं की माझं मत दोनदा बदललं.

मी कोल्हापूरची. ऑक्टोबरच्या शेवटी गोव्याला, मिरामारला होणाऱ्या 70.3 ट्रायथलॉनसाठी (नाव एकूण मैलांवरून) एप्रिलपासून तयारी करत होते. अंतरं तुम्हाला पाठ असतीलच: 1.9 किलोमीटर पोहणं, 90 सायकल, 21.1 धावणं. जे कुणी सांगत नाही ते असं की शर्यत ऑक्टोबरात असली की सगळी मोठी तयारी पावसाळ्यात येते. आमचा रविवारचा रस्ता गगनबावड्याचा, जाऊन-येऊन 110 किलोमीटर. जून ते सप्टेंबर तिथे कोरडं जाऊन कोरडं येणं होतच नाही. आणि ओली कातडी कोरड्या कातडीपेक्षा जास्त घासते. भिजून मऊ पडते, कपडा तिला धरून ओढतो, वर चाकाने उडवलेली बारीक वाळू सायकलिंगच्या शॉर्टमधल्या पॅडमध्ये शिरते. घामाचं मीठ वेगळंच. सायकलवर असताना काही वाटत नाही. घरी येऊन अंघोळीचा पहिला तांब्या ओतला की कुठे कुठे सालटी निघालीत ते कळतं.

स्टिक पहिल्यांदा वापरली त्या आठवड्यात मी खूश होते. याआधी पेट्रोलियम जेली लावायचे. ती काम करते, नाही असं नाही, पण बोटांनी लावावी लागते आणि मग ती बोटं गॉगलला लागतात, हँडलला लागतात. गॉगलच्या काचेवर एकदा तेलकट डाग पडला की पाण्यात समोरचं धूसर. खोबरेल तेलही लावून बघितलं. ते तासाभरात कपड्यात जिरतं, आणि थंडीत बाटलीत थिजून बसतं. स्टिक डिओडरंटसारखी फिरवायची, हात कोरडे राहतात. फक्त एवढ्या गोष्टीसाठीही मी ती घेईन.

मग जुलै आला आणि मी हिला दोन स्टार देऊन मोकळी होणार होते. उजव्या जांघेत, आणि फक्त उजव्याच, प्रत्येक रविवारी 70 किलोमीटरनंतर काचायला लागलं. थर वाढवला, गगनबावड्याला चहाच्या टपरीमागे जाऊन पुन्हा लावलं, तरी तेच. एका रविवारी घरी आले तर आईने चालण्यावरून ओळखलं. "काय गं, पाय असा फाकून का टाकतीयास? दाखव बघू." दाखवलं. "अगं, पोळल्यागत झालंय की! आणि परत त्यावर बसणार हायस?"

स्टिक खोटी, असं मी धरून चालले होते. पण ग्रुपमधल्या एका सिनिअर काकांनी माझ्या मागे पाच मिनिटं सायकल चालवली आणि म्हणाले, "तुझी कंबर उजवीकडे झुकतीय बघ, प्रत्येक पॅडलला." सीट उंच होती. उजवा पाय खाली पुरत नव्हता, म्हणून दर फेऱ्याला मी उजवीकडे सरकत होते. मिनिटाला 80 पॅडल धरली तर चार तासांत 19,000 हून जास्त वेळा तीच इंचभर कातडी सीटच्या कडेवर घासली जात होती. कुठली स्टिक तिथे टिकणार? काकांनी सीट 6 मिलिमीटर खाली घेतली. दोन रविवारांत त्रास गेला. म्हणून ते दोन स्टारचं मत मी मागे घेते, आणि वाचणाऱ्यांना कळकळीने सांगते: दोन्ही बाजूंना सारखं काचत असेल तर कपडा, घाम, ओल यांच्याकडे बघा. एकाच बाजूला काचत असेल तर स्टिक, क्रीम यांवर पैसे घालवायच्या आधी सीट आणि बसणं कुणाला तरी दाखवा.

ऑगस्टमध्ये दुसरी गोष्ट झाली, आणि ती मी लाजेखातर गाळणार होते. पण गाळत नाही, कारण हे आपल्याकडे फार होतं आणि बायका तर बोलतच नाहीत. त्याच जागी खाज सुटली. आधी आग व्हायची, आता खाज, आणि कडेला लाल गोल रेघ. मेडिकलमधून कुठलीतरी मिश्र ट्यूब आणली, दोन दिवसांत बरं वाटलं, ट्यूब थांबवली की दुप्पट. कातडीच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी बघताक्षणी सांगितलं, हे घासणं नाही, गजकर्ण आहे. आणि त्या ट्यूबमध्ये स्टेरॉईड आहे, त्याने लाली दबते पण बुरशी पसरते. तीन आठवडे साधं बुरशीवरचं औषध, जागा कोरडी ठेवायची, आणि स्टिक तिथे अजिबात नाही. बाधित जागेवर फिरवलेली कांडी पुन्हा दुसरीकडे फिरवायची नाही हेही त्यांनीच सांगितलं. मी वरचा थर सुरीने कापून टाकला. ते दोन-तीन ग्रॅम फेकताना जिवावर आलं, पण फेकले.

मूळ कारण अर्धवट वाळलेली शॉर्ट. कोल्हापूरच्या पावसाळ्यात पॅडची शॉर्ट दोन दिवसांतही वाळत नाही; वरून कोरडी लागते, पॅड आत दमट. आता मी धुतल्यावर ती जाड टॉवेलात गुंडाळते, गुंडाळीवर गुडघा देऊन पाणी टॉवेलात उतरवते, मग उलटी करून पंख्याखाली टाकते. दुसऱ्या दिवशी सकाळी पॅड खडखडीत. फॅब्रिक कंडिशनर बंद केलाय, त्याचा थर बसला की कपडा घाम ओढत नाही. आणि नव्याने सायकलिंगला येणाऱ्या मुलींसाठी: पॅडच्या शॉर्टखाली निकर घालायची नाही. तिची शिवण आणि ओलं सुतीच बहुतेकदा काचतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पहिले तीन महिने मी घालत होते.

बायकांसाठीच अजून एक, कारण याबद्दल मराठीत मला काही वाचायला मिळालं नाही. स्पोर्ट्स ब्राचा खालचा पट्टा. 15 किलोमीटरच्या पुढे धावलं की छातीखाली ओळीने सालटं निघायचं, डाव्या कुशीत जास्त. स्टिक लावूनही. शेवटी ब्रा उलटी करून शिवणीवरून अंगठ्याचं नख फिरवलं, तर कुशीतल्या लेबलच्या टोकाशी नायलॉनचा दोरा टोचणारा. लेबल आधीच कात्रीने कापलेलं होतं, पण कापलेलं खुंट शिवणीत तसंच राहिलं होतं आणि तेच करवतीसारखं चालत होतं. आईने चष्मा लावून सुईने टाका टाका उसवून ते पूर्ण काढलं. त्यानंतर तिथे स्टिकचा एक हात पुरतो. नवीन कपडा घेताना आता मी दुकानातच नख फिरवून बघते.

तर मग स्टिकचं काम काय? कोरड्या, धुतलेल्या, शाबूत कातडीवर, कपडे घालायच्या आधी लावली तर माझ्या अनुभवात ती पावसात तीन तास आणि कोरड्यात चार-साडेचार तास पुरते. त्यानंतर पुन्हा लावावी लागते. घामेजलेल्या अंगावर लावली तर नुसती घसरते. आधीच सोलटलेल्या जागी ती लावूच नका; तिथे मी रात्री झिंक ऑक्साईडचं लहान बाळांचं क्रीम लावते, स्वस्त मिळतं आणि सकाळपर्यंत आग बसते. सनस्क्रीन आधी, ते सुकल्यावर स्टिक, आणि दोन्ही एकाच जागी नाहीत. खर्चाचा हिशेब: आठवड्याला तीनदा, 22 आठवडे, 66 वेळा वापर. वेळेला साडेएकोणीस रुपये. चक्र धड असतं आणि सगळा माल हाती आला असता तर हाच आकडा पंधरा-सोळावर आला असता. माझा राग त्या चार रुपयांचा आहे, आणि तो मला रास्त वाटतो.

इथपर्यंतचं ऑक्टोबरच्या सुरुवातीला लिहून ठेवलं होतं. आता शर्यत झाली, म्हणून पुढचं.

खरवडलेले 9 ग्रॅम मी फेकले नव्हते. वाटी गरम पाण्यात ठेवून माल पातळ केला आणि लिप बामच्या रिकाम्या डबीत ओतला. तासाभरात घट्ट झाला. शर्यतीसाठी नवीन कांडी घ्यायची नाही असं ठरवलं होतं. तीच डबी, बोटाने लावायची.

गोव्याचं पाणी कोमट, वेटसूट (पोहताना घालायचा रबरी सूट) नसतो, त्यामुळे ट्राय-सूटची, म्हणजे पोहणं-सायकल-धावणं तिन्हीला चालणाऱ्या एकाच सूटची, कॉलर थेट मानेवर. मी उजवीकडेच श्वास घेते, त्यामुळे मान वळली की सूटच्या झिपची वरची कड एकाच ओळीत घासते, आणि खारं पाणी त्यात चोळलं जातं. मालवणला सराव केला तेव्हा तिथे बोटाएवढा लाल पट्टा उठला होता. म्हणून पहाटे मानेवर भरपूर, काखेत, छातीखाली, जांघेत. दंडावरचा नंबर आधी चिकटवून घेतला. तेलकट कातडीवर तो धरत नाही. बोटं साबणाने दोनदा धुतली, मग गॉगलला हात लावला. एक गोष्ट आधी सुचली नव्हती: पाण्यातून बाहेर आल्यावर मिरामारची वाळू. मेणकट पायांना ती पिठासारखी चिकटते. सायकलवर बसायच्या आधी एक बाटली पाणी फक्त मांड्यांच्या आतल्या बाजूला ओतलं. तेवढी दोन मिनिटं गेली तर जाऊ देत.

सायकलवर उन्हाने भाजत होते आणि पाण्याच्या प्रत्येक टेबलावर लोक डोक्यावरून बाटल्या ओतत होते. मीही ओतल्या. ते पाणी सूटमधून खाली उतरतं, लावलेलं धुऊन नेतं आणि शेवटी बुटात साचतं. 90 किलोमीटर संपले तेव्हा जांघेत ती ओळखीची चुणचुण सुरू झाली होती. सोलटलं नव्हतं, पण अर्ध्या तासात सोलटलं असतं. टी-टूच्या, म्हणजे सायकल सोडून धावायला निघायच्या थांब्यावरच्या, पिशवीत छोटा टॉवेल आणि ती डबी ठेवली होती. आधी टॉवेलने टिपून कोरडं केलं, मग बोट भरून लावलं. घाईत सगळ्यात मोह होतो तो पुसणं टाळायचा. टाळू नका, ओल्यावर लावलेलं धरत नाही. मोजे बदलले आणि निघाले. 21 किलोमीटर धावताना जांघेचा विचार एकदाही मनात आला नाही. वेळ सात तास बेचाळीस मिनिटं, साडेआठच्या मर्यादेच्या आत.

म्हणून मालाला पाचपैकी साडेचार देते, नळीला एक. पुढच्या वेळी हाच माल डबीत किंवा सॅशेत मिळाला तर घेईन, नाहीतर दुसऱ्या कुणाची पुढे ढकलायची कांडी, जिला चक्रच नसतं. कुणी वापरली असेल तर शेवटच्या थराचं काय होतं तेवढं कळवा.

पणजीच्या लॉजवर संध्याकाळी अंघोळीला गेले तेव्हा पहिला मग ओतायच्या आधी दात आवळून उभी राहिले. मान, काख, छातीखाली, जांघ, कुठेच झोंबलं नाही. झोंबलं ते डाव्या घोट्याला. वेळ मोजणाऱ्या टायमिंग चिपचा पट्टा साडेसात तास तिथे बांधलेला होता आणि त्याखाली लावायचं राहून गेलं होतं. चार दिवस झाले, चप्पलचा पट्टा अजून तिथेच लागतोय.