यूव्ही फ्लुओरोमीटर: समुद्रातल्या तेल प्लॅटफॉर्मवर पाण्यातलं तेल मोजण्यासाठी घ्यावा का?

मुंबई हायसारख्या क्षेत्रात तेलाबरोबर वर येणारं पाणी समुद्रात सोडताना भारतीय नियम स्पष्ट आहे: ९५ टक्के नोंदींत तेल लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आत, आणि १०० च्या वर कधीच नाही. दर आठ तासांनी नमुना घ्यावा लागतो. त्यासाठी हातात मावणारा हा मीटर उत्तम. तो नमुन्यावर अतिनील (यूव्ही) प्रकाश टाकतो आणि तेलातून परत येणारी चमक मोजतो. काही मिनिटांत आकडा मिळतो.

नमुना काचेच्याच बाटलीत घ्या, प्लास्टिकला तेल चिकटतं. हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच (आम्लतेचं माप) २ च्या खाली आणा, दहा भाग पाण्याला एक भाग हेक्झेन (तेल विरघळवणारा द्रव) घालून दोन मिनिटं जोरात हलवा, थर वेगळे झाले की वरचा क्युव्हेटमध्ये, म्हणजे मीटरच्या छोट्या पारदर्शक नळीत, ओता. बाटलीतलं थोडंसंच पाणी वापरू नका. काचेला लागलेलं तेल मोजणीतून सुटतं.

खरी मर्यादा मोठी आहे. यंत्राला तेलातली फक्त ॲरोमॅटिक (बेंझिनसारखी वलयाकार) संयुगं दिसतात. कंडेन्सेटमध्ये (वायूबरोबर येणाऱ्या हलक्या तेलात) ती कमी असली तर आकडा फसवा कमी येतो. विहिरी बदलल्या की कॅलिब्रेशन (मीटरचं माप जुळवणं) त्याच क्षेत्रातल्या कच्च्या तेलावर पुन्हा करायलाच हवं. कारखान्यातल्या सेटिंगवर विसंबणं म्हणजे समुद्राशी बेपर्वाई. रोजच्या देखरेखीसाठी जरूर घ्या, पण नियामकाला द्यायच्या आकड्यांची प्रयोगशाळेतल्या पद्धतीशी नियमित पडताळणी करा.