पुरातून निघालेलं आमचं स्वयंपाकघर

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात आमच्या ओट्याच्याही वर गेलं. ओसरलं तेव्हा खालच्या सगळ्या खणांत बोटभर गाळ. आमच्याकडे प्रत्येक पिढीने आपापलं कपाट केलेलं, त्यामुळे एकाच पाण्यात सगळ्यांची परीक्षा झाली.

आधी गेलं ते सगळ्यात देखणं. मॉड्युलर ट्रॉल्या घेताना दुकानदार म्हणाला होता, "वॉटरप्रूफ आहे वहिनी." वॉटरप्रूफ होतं ते वरचं लॅमिनेट, आत पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा डिंकात दाबून केलेली फळी. कडेच्या पट्टीखालून पाणी शिरलं आणि फळ्या चहात बुडवलेल्या टोस्टसारख्या फुगल्या. बिजागरीचा स्क्रू नुसत्या बोटांनी निघाला, सोबत चिमूटभर ओला भुसा. वाळल्यावरही जाडी उतरली नाही. सगळं टेम्पोत.

सिंकखालचा खण कमर्शिअल प्लायचा, आयएस ३०३ या भारतीय मानकाचा. गणपतीपर्यंत ठीक दिसला, मी खूश. मग कोपऱ्यातून पापुद्रे सुटायला लागले. असल्या प्लायचा युरियाचा डिंक दमटपणा सोसतो, भिजणं नाही. शेजारचा खण मरीन प्लायचा, आयएस ७१०. त्यात फेनॉलचा डिंक असतो, आणि त्याचे तुकडे ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. त्याचा फक्त सनमायका एका कडेने उचकटला. तो फेव्हिकॉलने बसवला.

सासूबाईंच्या सागवानी फडताळाचं दार फुगून लागेना. सुतार रंधा काढायला लागला तर त्या म्हणाल्या, "थांब रे, वाळू दे त्याला." दिवाळीत कडी आपोआप बसली. रंधा मारला असता तर आज फट राहिली असती. कडाप्प्याच्या फळ्यांबद्दल काय लिहू? घासल्या, पुसल्या, डबे ठेवले.

नवीन कामात बाकी सगळं मरीन प्लाय घेतलं. कापलेल्या प्रत्येक कडेला, पाइपासाठी पाडलेल्या भोकालासुद्धा, प्रायमर मारून घेतला. सुतार कुरकुरला, पण पाणी तिथूनच शिरतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सिंकखाली मात्र पीव्हीसी बोर्ड. पाण्याचं त्याला काही नाही, रोज ओलं फडकं फिरवते. पण वजन झेपत नाही. दहा किलो तांदळाचा डबा ठेवला तर मधली फळी वाकली, आता खालून विटेचा टेकू दिलाय.