कुडाळचं पेटी दुरुस्तीचं दुकान आणि आमचा पायऑर्गन

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या चर्चमधला पायऑर्गन तीन पावसाळे मुका होता. खाऱ्या हवेनं सूर, म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या, गंजलेले, भात्याचं चामडं कसरीनं खाल्लेलं. शेवटी दशावताराच्या पायपेट्या दुरुस्त करणाऱ्या कुडाळच्या एका दुकानात टेम्पोनं नेला.

मनात धाकधूक होती. दशावतारात पेटी एका गळ्यामागे धावते, आम्हाला एका वेळी चार आवाज बसवायचे असतात. म्हणून पारखायला संगीतकार अंतोन ब्रुकनरचं 'लोकुस इस्ते' हे लॅटिन समूहगीत नेलं. ब्रुकनर ऑस्ट्रियातल्या आन्सफेल्डनच्या मास्तरांचा मुलगा, जन्म १८२४. सतराव्या वर्षी तोही विंडहागला साहाय्यक शिक्षक झाला. शाळा, चर्चचा ऑर्गन आणि वर शेतातली कामं! मीही प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे हा माणूस मला आपला वाटतो. पुढे तो लिंझच्या कॅथेड्रलचा ऑर्गनवादक झाला. तिथल्या नव्या कॅथेड्रलमधल्या प्रार्थनालयाच्या अर्पणविधीसाठी १८६९ मध्ये त्यानं हे गीत रचलं. 'हे स्थान देवानं घडवलं' असं त्यात आळवलंय. गायचं वाद्याशिवाय, पण आमच्या मुलांचे आवाज बसवायला तालमीत ऑर्गन हवाच.

गीताच्या मध्यावर खर्जातले पुरुष गप्प होतात आणि वरचे तीन आवाज अर्ध्या-अर्ध्या सुरांनी सरकतात. बाजाचा एक सूर जरी चढा असला तरी मुली तिथे हमखास घसरतात. दुकानातल्या काकांना पाश्चात्त्य स्वरलिपी येत नाही. पण तेवढा भाग ऐकला आणि म्हणाले, "बाय, तां मदला परत वाजय." चार वेळा वाजवून घेतलं. मग एकेक सूर काढून कानसीनं घासायला बसले. चढवायचा तर टोकाशी, उतरवायचा तर मुळाशी. असा कान मी फार कमी लोकांत पाहिलाय.

नवा भाता, सुरांची सफाई आणि जुळणी मिळून साडेनऊ हजार घेतले. रास्त वाटले. सांगितले होते पंधरा दिवस, लागला दीड महिना. एक स्टॉप (सुरांचा संच चालू-बंद करायची खुंटी) अजून अडकतो.

चर्चच्या सणाला आम्ही ते गीत गायलो. शेवटाजवळ सगळे आवाज एकदम थांबतात, तेव्हा बाहेरची गाज आत ऐकू आली. ब्रुकनरला त्याच्याच इच्छेनुसार ऑस्ट्रियातल्या सेंट फ्लोरियन मठाच्या चर्चमध्ये ऑर्गनखाली पुरलंय. त्या क्षणी मला तेच आठवत होतं.

तुम्ही नेणार असाल तर जत्रांचा हंगाम टाळा, तेव्हा काकांकडे पेट्यांची रांग असते. पावसाळ्यात न्या, फक्त टेम्पोवर ताडपत्री दुहेरी घाला.