प्रागच्या चौकात भिशीचे 300 युरो

प्रागच्या जुन्या चौकात फिरताना कुणी हळूच बाजूला येऊन "चेंज? गुड रेट" म्हणालं, तर मान वर न करता चालू लागा. सभ्य दिसतो, इंग्रजी छान बोलतो, हातात ऑफिसची बॅग आहे, यातलं काहीही बघू नका. आम्हाला भेटलेला असाच होता. इस्त्रीचा शर्ट, चष्मा, आपल्याकडे एलआयसीचा एजंट शोभला असता.

आम्ही डोंबिवलीच्या पाच जणी, एकाच भिशीतल्या. माणशी 60 युरो काढून 300 ची वर्गणी केली होती आणि ती माझ्याकडे होती, कारण भिशीचा हिशोबही माझ्याकडेच असतो. आजवर त्यात एक रुपया इकडचा तिकडे झालेला नाही, हे आधीच सांगून ठेवते. म्हणजे पुढचं वाचून "या बायकांना व्यवहार कळत नाही" असं कुणी म्हणायला नको.

पैसे बदलायची गरज पडली ती त्या 'फुकट' वॉकिंग टूरमुळे. फुकट म्हणजे शेवटी गाइडला टिप द्यायची, आणि माणशी 10-15 युरो न देता तिथून निघणं काही आपल्याला जमत नाही. शिवाय स्वच्छतागृहांना सुटी नाणी लागतात. (गाइड युरो घेतात, टिप कार्डानेही देता येते, ट्रॅमचं तिकीटही कार्डावर निघतं. हे सगळं नंतर कळलं. पाच जणींना मिळून 300 युरोंचे कोरुना, म्हणजे तिथलं झेक चलन, लागतच नव्हते.)

गाइड मुलगी चांगली होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. 1621 साली या चौकात 27 जणांना फाशी-शिरच्छेदाची शिक्षा दिली, त्यांच्यासाठी जमिनीत बसवलेले पांढरे क्रॉस तिने दाखवले. मग 1410 सालच्या त्या खगोलीय घड्याळासमोर आम्हाला उभं केलं. "पाकीटमार फिरतात, बॅगा पुढे घ्या," असंही बजावलं. आम्ही घेतल्या. माझी तर पोटाशी घट्ट धरलेली होती. पण पाकीटमाराला घाबरणारा माणूस पैसे स्वतःच्या हाताने काढून देतो तेव्हा काय करायचं, ते कुणी सांगत नाही.

टोल पडून घड्याळातून बाहुल्या निघायला दहा-बारा मिनिटं होती. कोपऱ्यावरच्या चलन बदलणाऱ्या दुकानावर '0% कमिशन' अशी मोठी पाटी, आणि खाली बारीक अक्षरांत भाव : एका युरोला 18 कोरुना. बँकेचा भाव 25 च्या आसपास होता, तो मी सकाळीच फोनवर पाहिला होता. म्हणून दुकानात शिरले नाही. इतकं तर मला कळतं! मी पाटी वाचत असतानाच तो शेजारी आला. म्हणाला, हे चोर आहेत, यांच्याकडे जाऊ नका, मला युरो हवेच आहेत, मी 26 देतो.

आता बघा. बाजारभाव 25, आणि रस्त्यावरचा अनोळखी माणूस देतोय 26. स्वतः तोटा सोसून कोण जास्त देईल? हा प्रश्न मला डोंबिवलीत भाजी घेताना पडला असता. तिथे पडला नाही, कारण डोळ्यांसमोर 18 चा आकडा होता आणि 18 च्या शेजारी 26 म्हणजे देवच भेटल्यासारखं वाटलं. त्यात वहिनी हाका मारत होत्या, "अगं चल लवकर, बाहुल्या निघतील आता!" हे भामटे उभे राहतातच दुकानाच्या पाटीखाली. पाटी त्यांचंच काम करते.

त्याने 7800 मोजून दिले. वर 100 आणि 200 च्या खऱ्या नोटा, त्याखाली 500, 2000 आणि 5000 ची एकेक. मी स्वतः पुन्हा मोजले. बेरीज बरोबर होती, म्हणून तर कुणी मला बावळट म्हणू शकत नाही. फक्त खालच्या तिन्ही नोटा हंगेरीच्या होत्या. फोरिंट. तेव्हा चारशेच्या आसपास फोरिंटांचा एक युरो होत होता.

रात्री हॉटेलवर त्या तिन्ही नोटा दिव्याखाली धरल्या तेव्हा अंगाची लाही झाली. वर चक्क 'मॅग्यार नेमझेटी बँक' छापलेलं. आणि चेहरे! झेक 500 वर बोझेना नेमत्सोव्हा, लेखिका. 2000 वर एमा डेस्टिनोव्हा, गायिका. दोन्हींवर बायका. माझ्या दोन्ही नोटांवर पुरुष. पाच बायकांमध्ये एकीच्याही हे लक्षात येऊ नये? पण परक्या नोटेवर कोण असतं ते पाठ करून कोण जातं हो! आता तुम्ही पाठ करा. निदान 'कोरुन' हा शब्द तरी नोटेवर शोधा.

पोलीस चौकीत दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. दुभाषी येईपर्यंत बसा म्हणाले. बसलो. दुभाषी आली तेव्हा अधिकाऱ्याने आधी काय विचारावं? "पावती आहे का?" रस्त्यावरचा चोर पावती देतो? मग त्याने आम्हाला कायदा शिकवला. 2019 पासून तिथे असा नियम आहे की चलन बदलल्यावर तीन तासांत तुम्ही व्यवहार रद्द करून पैसे परत मागू शकता, 1000 युरोपर्यंत. पण तो फक्त परवानाधारक दुकानांसाठी. म्हणजे 18 च्या भावाने लुटून घेतलं असतं तर सगळे पैसे परत मिळाले असते! रस्त्यावर परवान्याशिवाय चलन बदलणं बेकायदा आहे, असं तो माझ्याकडे बघून म्हणाला, जणू 300 युरो मी चोरले होते. चौकात कॅमेरे आहेत ना, ते बघा म्हटलं. "बघू." या एका शब्दाला दुभाषी लागली नाही. अखेर झेक भाषेतला एक कागद हातात दिला आणि वर सल्ला, पुढच्या वेळी काळजी घ्या.

तोच कागद इथल्या प्रवास विमा कंपनीला पाठवला. भाषांतर करून आणा म्हणाले. केलं, 1,500 रुपये गेले. मग मेल आला की रक्कम "विमाधारकाने स्वेच्छेने दिली" असल्याने दावा बसत नाही. स्वेच्छेने! मग हप्ता घेताना हे का नाही सांगत? फोन केला की गाणं लागतं आणि गाणं संपलं की फोन कट होतो.

एक गोष्ट मात्र नशिबाने टळली. अशा व्यवहारानंतर कधी कधी दुसरा माणूस येतो, साध्या कपड्यांतला पोलीस असल्याचं सांगत, ओळखपत्र झळकवून पाकीट दाखवा म्हणतो. दाखवू नका. 158 ला फोन लावते म्हणा आणि खरोखर लावा. आणि पैसे लागलेच तर मोठ्या बँकेच्या एटीएममधून काढा, स्क्रीनवर "रुपयांत रूपांतर करू का" विचारलं की नाही दाबा. गल्लीबोळात भिंतीला टांगलेल्या मशीनपासूनही लांब राहा.

त्या 7500 फोरिंटांचे एका दुकानात साडेचारशे कोरुना आले. त्यात खऱ्या 300 मिळवून 750, म्हणजे 30 युरो. गेले 270, तेव्हाच्या भावाने 24,300 रुपये. माणशी 54 युरो मी भरून देते म्हणाले. तिघी म्हणाल्या, वेडी आहेस का. चौथीने गूगल पेचा नंबर पाठवला. 4,860.