काकासाहेब गाडगीळ यांचे श्राव्य चरित्र : राज्यपालपदाची चार वर्षे वीस मिनिटांत

नरहर विष्णू तथा काकासाहेब गाडगीळ यांचे सहा भागांचे श्राव्य चरित्र मी एका मराठी ॲपची वर्गणी भरून नुकतेच ऐकले. निवेदकाचा आवाज भारदस्त आहे, उच्चार स्वच्छ आहेत आणि पार्श्वसंगीताचा मारा नाही, एवढ्यावरच मी अर्धा खूश झालो होतो.

पहिले चार भाग मन लावून केलेले आहेत. पुण्यातील वकिली, नेहरूंच्या मंत्रिमंडळातील बांधकाम, खाणी व वीज खाते, काश्मीरच्या युद्धकाळात घाईने उभारलेला पठाणकोट-जम्मू रस्ता, नोव्हेंबर १९४७ मध्ये सरदार पटेलांसमवेत सोमनाथच्या भग्नावशेषांना दिलेली भेट, हे सारे सविस्तर येते.

पाचव्या भागात मात्र घोर निराशा होते. १९५८ ते १९६२ या काळात काकासाहेब पंजाबचे राज्यपाल होते आणि त्या चार वर्षांना जेमतेम वीस मिनिटे मिळाली आहेत, तीही बहुतांशी समारंभांच्या वर्णनात खर्ची पडली आहेत. आजचा हरियाणा तेव्हा पंजाबातच होता, प्रतापसिंग कैरों यांच्यासारखा खमका मुख्यमंत्री समोर होता आणि पंजाबी सुभ्याच्या, म्हणजे पंजाबी भाषकांच्या वेगळ्या राज्याच्या, मागणीसाठी अकाली नेते मास्टर तारासिंग यांनी १९६१ मध्ये उपोषण केले. खात्याचे निर्णय स्वतः घेण्याची सवय जडलेल्या माणसाला अशा वेळी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालण्याचे बंधन होते, आणि ते घालणारे कलम १६३ ज्या संविधान सभेने मंजूर केले, तिचे ते स्वतः सदस्य होते. चरित्रकाराला याहून चांगला प्रसंग कोणता हवा? चंडीगडच्या आराखड्यात वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी राज्यपालांसाठी योजलेला प्रासाद कधी बांधलाच गेला नाही, याचाही उल्लेख नाही.

शेवटचा भाग पुन्हा सावरतो. राज्यपाल या नात्याने पंजाब विद्यापीठाचे कुलपती राहिलेले काकासाहेब पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, ही उलटी चढण निवेदकाने मिश्कीलपणे सांगितली आहे.

एक तांत्रिक गैरसोय नोंदवतो. भागांत प्रकरणे पाडलेली नसल्यामुळे हवा तो प्रसंग पुन्हा ऐकायचा झाल्यास अंदाजाने मागेपुढे जावे लागते. पहिल्या चार भागांसाठी वर्गणी वसूल होते. पंजाबसाठी काकासाहेबांचे स्वतःचे लेखनच गाठावे.